माती खाल्लेली माणसं

पहिलीच्या वर्गावर असताना मला पाटीवरच्या पेन्सिली मोजायची सवय लागली होती. सकाळी अख्खी दिलेली पेन्सिल मधल्या सुट्टीपर्यंत पेराएवढी उरते आणि पाटीवर मात्र 'ग'च्या दोनच ओळी असतात, तेव्हा ती लिहून झिजलेली नसते. पोराच्या ओठांच्या कोपऱ्यात पांढुरकी पूड असते. विचारलं तर उत्तर ठरलेलं, "पडली, बाई."

त्या वर्षी वर्गात एक मुलगी होती. हातपाय काटकुळे, पोट तेवढं पुढे, केस गंजल्यासारखे तांबूस. दिवसाला दोन-तीन पेन्सिली फस्त करायची. मी तिला रागावले, एकदोनदा हातावर पट्टीही मारली. मग पेन्सिल माझ्याकडेच ठेवून लिहिण्यापुरती द्यायला लागले, तर ती ओली पाटी चाटताना सापडली. पावसाळ्यात आरोग्य तपासणीचं पथक आलं. डॉक्टरबाईंनी तिची खालची पापणी अंगठ्याने ओढली आणि मला जवळ बोलावलं. आत लालसर दिसायला हवं तिथे धुऊन धुऊन विटलेल्या फडक्यासारखं पांढरं.

"ही पेन्सिल खाते का हो?" त्यांनीच विचारलं. मी तोपर्यंत काही बोललेही नव्हते.

"खाते. किती मारलं तरी सोडत नाही."

"मारू नका. अंगात लोह नाही तिच्या. आधी जंताचं औषध देऊ, मग लोहाच्या गोळ्या."

पट्टी मी त्या दिवशी कपाटावर टाकली. पण मनात खटकत राहिलं ते वेगळंच. पेन्सिल खाण्याचा आणि जंतांचा काय संबंध, हे मला ठाऊक नव्हतं. आणि माझी आई चुलीची माती खायची, हे मात्र ठाऊक होतं.

धाकट्या भावाच्या वेळी ती गरोदर होती. चुलीच्या कडेची भाजून तांबडी झालेली माती ती नखाने खरवडून तोंडात टाकायची. पहिल्या पावसात अंगणात उभी राहून डोळे मिटून वास घ्यायची. आजी ओरडायची, तशी ती हसून पदराने तोंड पुसायची. सगळ्या बायका खायच्या. काही खापरी खायच्या, काही विटेचा तुकडा. त्याला कोणी आजार म्हणत नसे, डोहाळे म्हणत. पोरांनी तेच केलं की मात्र धपाटे. बाळकृष्णाने माती खाल्ली तर यशोदेला त्याच्या तोंडात ब्रह्मांड दिसलं. आमच्या तोंडात आयांना फक्त चिखल दिसायचा.

मराठीत 'माती खाल्ली' म्हणजे लाज वाटण्यासारखं काहीतरी केलं. पण जुने वैद्य माती खाण्याकडे लाजेची गोष्ट म्हणून बघत नव्हते. चरकसंहितेत पांडुरोगाचे, म्हणजे अंग पांढरंफटक पडण्याच्या आजाराचे, पाच प्रकार सांगितलेत, त्यातला पाचवा थेट माती खाण्याने होणारा. त्याची लक्षणं पहिल्यांदा वाचली तेव्हा मी पुस्तक मिटून बसले. गाल आणि डोळ्यांभोवतीचा भाग सुजतो, पाय सुजतात, कोठ्यात कृमी होतात, शौचातून रक्त पडतं. हे वर्णन मी वाचण्याआधी पाहिलेलं होतं. आमच्या आळीतल्या दोन काकूंचे चेहरे अगदी असेच होते, आणि त्यांना सगळे 'अंगाने भरल्या' असं म्हणायचे.

आता त्यातलं चक्र मला समजतं. जंत रक्त पितो, लोह घटतं. लोह घटलं की काही माणसांना माती, पेन्सिल, खडू असलं काहीतरी खावंसं वाटू लागतं. आणि त्या मातीतून आणखी जंत पोटात जातात.

पहिला जंत मी पाहिला तो सातव्या वर्षी, परसाकडला बसलेली असताना. पोफळीच्या बागेच्या कडेला, पाटाच्या वरच्या अंगाला आमची बायका-पोरांची जागा होती. वीतभर लांब, गुलबट पांढरा, पाटीवरच्या पेन्सिलीएवढा जाड, दोन्ही टोकांना निमुळता. गांडूळच वाटलं असतं, पण गांडुळाला वळ्या असतात आणि हा गुळगुळीत होता. आणि तो हलत होता. मी किंचाळत घरी आले. आजी जात्यावर होती. जातं न थांबवता म्हणाली, "खा आणखी गूळ चोरून! किती सांगते, अगो, गोडाने जंत होतात म्हणून."

पुढच्या रविवारी एरंडेल. नाक दाबून, वरून लिंबाची फोड. त्याआधी तीन दिवस वावडिंगाचा काढा आणि चिमूटभर किरमाणी ओवा. आजीच्या फडताळात या दोन पुड्या कायम असायच्या. वावडिंगाला चरकाने कृमी मारणाऱ्या औषधांत पहिला मान दिला आहे. किरमाणी ओव्यातून निघणारं सँटोनिन एके काळी जगभरच्या दवाखान्यांत गोल जंतांवर दिलं जायचं. त्याची मात्रा जास्त झाली की रोग्याला सगळं पिवळं दिसायचं म्हणे. आजीने मात्रा कधी चुकवली नाही. औषधाच्या बाबतीत तिचं बरोबर होतं. कारणाच्या बाबतीत ती चुकली होती, आणि तिच्यावर विसंबून मी तीस वर्षं चुकले. जंत गुळातून येत नाहीत.

हे मला कळलं ते वयाच्या अडतिसाव्या वर्षी. जिना चढताना धाप लागायची, वर्गात उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी यायची. हिमोग्लोबिन निघालं 7.2. लोहाच्या गोळ्या चार महिने खाल्ल्या. आकडा नऊवर गेला आणि गोळ्या थांबवताच परत उतरला. तीन ठिकाणी दाखवलं. कोणी म्हणालं पाळीमुळे, कोणी म्हणालं पालेभाज्या खा. शेवटी एका तरुण डॉक्टरने शौचाची तपासणी लिहून दिली. मला आधी लाजच वाटली. शाळेतल्या बाईंनी हातात डबी घेऊन लॅबच्या रांगेत उभं राहायचं!

लॅबमधल्या दादांनी मात्र सूक्ष्मदर्शकावरून डोळा काढून मला हाक मारली, "बाई, या, बघा तुमचे पाहुणे." आत एक पारदर्शक लंबगोल दिसलं. कवच अगदी पातळ, आणि आत चार-आठ पेशींचा गोळा. हे अंकुशकृमीचं, म्हणजे हुकवर्मचं अंडं. मग त्यांनी काच सरकवून दुसऱ्या कुणाच्या नमुन्यातलं गोल जंताचं अंडं दाखवलं. पिवळसर तपकिरी, बाहेरून सगळे उंचवटे, हुबेहूब चिमुकलं सीताफळ. तिसरं चाबूककृमीचं, दोन्ही तोंडांना बूच मारलेल्या पिंपासारखं. मातीतून येणारे मुख्य जंत हेच. पोरांना रात्री शीच्या जागी खाज आणणारे बारीक सुतासारखे जंत निराळे. त्यांना मातीची गरज लागत नाही, नखं पुरतात.

"किती असतील माझ्या पोटात?" मी विचारलं.

"अंडी बघून अंदाज बांधायचा, बाई. पण एक लक्षात ठेवा, जेवढे आहेत तेवढे सगळे बाहेरून आलेत."

हे वाक्य मी पुढे कित्येक वर्षं घोळवत राहिले. आपल्याला वाटतं, एक जंत पोटात शिरला की आत त्याची पिलावळ वाढते. या तिन्ही जातींत तसं होत नाही. गोल जंताची मादी दिवसाला दोन लाखांपर्यंत अंडी घालते, वर्षाला सात कोटी, पण त्यातलं एकही पोटात उबत नाही. ती सगळी बाहेर पडायला हवीत आणि मातीत दोन-तीन आठवडे राहायला हवीत. म्हणजे एखाद्या पोराच्या पोटात चाळीस जंत असतील, तर निदान चाळीस अंडी कोणाच्या तरी विष्ठेतून, मातीमार्गे त्याच्या तोंडापर्यंत पोचलेली आहेत. माझ्या पोटातले शंभर असतील, तर ते माझ्या पायांतून एकेक करून शिरले होते. तो आकडा माझ्या गुळाचा किंवा माझ्या अस्वच्छतेचा नव्हता. आमची सगळी वाडी कुठे बसते, त्याचा होता.

आणि हिशेब बघा. अंकुशकृमी जेमतेम सेंटिमीटरभर. नेकेटर जातीचा एक जंत दिवसाला 0.03 मिलिलिटर रक्त खर्ची घालतो. आकडा हसण्यासारखाच. शंभर जंतांचे रोजचे तीन मिलिलिटर, महिन्याचे नव्वद. टपरीवरच्या कटिंगच्या ग्लासाएवढं रक्त दर महिन्याला. अँकिलोस्टोमा नावाची दुसरी जात याच्या पाचपट किंवा त्याहून जास्त पिते. बाईमाणसाची पाळी, दोन-तीन बाळंतपणं, वर हे कटिंग. आईने चूल खरवडली यात नवल ते काय.

हे जंत अंगात शिरतात कसे, त्याची गोष्ट मला वर्गात सांगावीशी वाटायची, पण पहिलीच्या पोरांना झोप लागली नसती. 1898 साली कैरोमध्ये आर्थर लूस नावाचा जर्मन शास्त्रज्ञ प्रयोग करत असताना अंकुशकृमीच्या अळ्यांचं पाणी त्याच्या हातावर सांडलं. जागा लाल झाली, आग झाली. लूसने स्वतःची विष्ठा तपासायला सुरुवात केली आणि काही आठवड्यांनी तिच्यात अंडी सापडली. अळी कातडीतून शिरते हे तोवर कोणाला सुचलंही नव्हतं. गोल जंतांच्या बाबतीत 1922 साली जपानच्या शिमेसू कोइनोने त्याच्याही पुढची मजल मारली. त्याने त्यांची अंडी चक्क गिळली, आणि काही दिवसांनी त्याच्या खोकल्याच्या बेडक्यात अळ्या निघाल्या.

कारण या जंतांचा रस्ता विलक्षण वाकडा आहे. मातीत राहून आलेलं गोल जंताचं अंडं आतड्यात फुटतं. अळीला राहायचं असतं आतड्यातच. पण ती तिथे थांबत नाही. आतड्याची भिंत भेदून रक्तात, यकृतातून हृदयाकडे, तिथून फुप्फुसात, मग श्वासनळी चढून घशापर्यंत. आपण आवंढा गिळतो आणि ती परत पोटात. एवढी प्रदक्षिणा घालून पहिल्या मुक्कामी येते आणि मग तिथे वाढते. अंकुशकृमी पायातून शिरून फुप्फुसामार्गे तसाच येतो. भाद्रपदात आमच्या घरी सगळ्या पोरांना कोरडा खोकला लागायचा आणि आजी हवेला दोष द्यायची. हवेचंही असेल. पण आता तो खोकला आठवला की मला घसा चढणाऱ्या अळ्याच दिसतात.

आणि पायांची खाज? कोकणात पावसाळ्यात पायाला खाज नाही असा माणूस दाखवा. चिखल्या सगळ्यांनाच होतात, बोटांच्या बेचक्यांत हळद आणि खोबरेल लावून झोपायचं. त्या गर्दीत अळीच्या दंशाची खाज कोण ओळखणार? अंकुशकृमीच्या अळीला ऊन सोसत नाही. पाण्यात बुडालेलं भाताचं खाचरही तिला मानवत नाही. तिला हवी सावली, ओल आणि भुसभुशीत माती. म्हणजे पोफळीची बाग. तिथे अंडं एकदोन दिवसांत फुटतं आणि पाच-दहा दिवसांत अळी तयार होते. मग ती मातीच्या कणावर, गवताच्या पात्यावर चढून अंग उभारून वाट बघत बसते. पहाटे, दव असताना. आमची जायची वेळही तीच.

सगळ्यात कावेबाज गोष्ट मला ही वाटते, की ताज्या घाणीपासून हे जंत लागत नाहीत. गोल जंताचं अंडं बाहेर पडतं तेव्हा निरुपद्रवी असतं. त्याला दोन-तीन आठवडे माती लागते. माती त्याची सुईण. तोवर पाऊस पडून गेलेला असतो, शेणकिडे येऊन गेलेले असतात, वास नाही, डाग नाही, काही नाही. जिथे आपण नाक धरून वळसा घालून जायचो, तिथेच महिन्याभराने पोरं लगोरी मांडतात. त्या मातीत अंडी वर्षानुवर्षं टिकतात. पाणी शुद्ध करायला टाकतो तो क्लोरीनही त्यांचं काही बिघडवू शकत नाही. उकळलं तर मरतात.

'सोनखत' हा शब्द आपणच घडवला. मैल्याला सोनं म्हणणारी भाषा, आणि त्यात खोटं काही नाही. पिकं खरोखर तरारतात. जपानमध्येही शेती अशाच खतावर चालायची, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर तिथे शंभरातल्या साठाहून जास्त माणसांच्या पोटात गोल जंत होते. त्यांनी शाळाशाळांतून पोरांची शी तपासली, औषध दिलं, शेतातलं मैलाखत बंद केलं, आणि पंचवीस-तीस वर्षांत जंत जवळजवळ नाहीसे केले. जंतांच्या कहाणीतला मला सर्वांत आवडणारा भाग हा आहे. त्यात चमत्कार काही नाही, नुसता चिवटपणा आहे.

आमच्याकडे चिवटपणाची कमतरता नव्हती, पण तो उलट्या दिशेने चालला. सासरी आले तेव्हा घरामागे अनुदानातून बांधलेला संडास होता. पक्का, पत्र्याच्या दाराचा. दार उघडलं तर आत शेणी रचलेल्या. कोरडी जागा, पावसात शेणी ओल्या होत नाहीत, एवढी चांगली खोली घाणीसाठी कोण वापरणार, असा सासूबाईंचा सवाल. मीही दोन वर्षं टमरेल घेऊन बागेकडेच गेले. शिकलेली, डी.एड. झालेली. नंतर संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान आलं, भिंती रंगल्या. मग गुड मॉर्निंग पथकं आली, पहाटे टमरेलवाल्यांना गाठून गुलाबाचं फूल द्यायची. 2 ऑक्टोबर 2019 ला ग्रामीण भारत हागणदारीमुक्त झाल्याचं जाहीर झालं. शेणी बाहेर निघाल्या हे खरं. पण फलक लागला म्हणून मातीतली अंडी मरत नाहीत, आणि सगळे रोज संडासातच जातात असंही नाही. पाणी संपलं की मे महिन्यात बाग पुन्हा आठवते.

गोळीचा दिवस मात्र मला आवडतो. 2015 च्या 10 फेब्रुवारीला राष्ट्रीय जंतनाशक दिन सुरू झाला, पुढे 10 ऑगस्टचीही भर पडली. 1 ते 19 वयाच्या सगळ्यांना शाळेत नाहीतर अंगणवाडीत अल्बेंडाझोलची 400 मिलिग्रॅमची एक गोळी. दोन वर्षांखालच्या बाळांना अर्धी, कुटून. चावून खायची, आमच्यासमोर, घरी न्यायची नाही. "बाई, गोड आहे!" असं पहिलं पोर ओरडतं आणि रांग पुढे सरकते. आजारी असेल किंवा गैरहजर असेल त्याला नंतर मॉप-अपच्या दिवशी. जंताला साखर शोषून घेता येऊ नये, तो उपाशी मरावा, अशी या औषधाची करामत. आजीला हे ऐकून बरं वाटलं असतं. गोडाचा आणि जंताचा काहीतरी संबंध निघालाच शेवटी.

एका वर्षी गोळीनंतर चार मुलांना मळमळलं, एकाला उलटी झाली. पोटात जंत जास्त असतील तर असं होतं, हे आम्हाला प्रशिक्षणात सांगितलेलं. पण ते पालकांना आधी सांगायला हवं होतं, ते आम्ही सांगितलं नव्हतं. अर्ध्या तासात फाटकाशी तीस माणसं. एक आई माझा हात धरून म्हणाली, "पोरगं धडधाकट आहे माझं, त्याला कशाला औषध?" तिचा प्रश्न चुकीचा नव्हता. एका वर्गात सगळ्यांच्या पोटात सारखे जंत नसतातच. थोड्याच पोरांच्या पोटात बहुतेक सगळे असतात, बाकीच्यांत दोनचार किंवा एकही नाही. तपासून शोधत बसण्यापेक्षा सगळ्यांना गोळी देणं स्वस्त पडतं, एवढाच त्यामागचा हिशेब. हे तिला मी नीट सांगू शकले नाही. "सरकारी आदेश आहे," म्हणाले. आजही त्या उत्तराची मला लाज वाटते.

गोळीने किती फरक पडतो यावर मोठ्या लोकांची भांडणं झाली आहेत. उत्तर प्रदेशात दहा लाख लहानग्यांवर झालेल्या एका अभ्यासाचा निष्कर्ष 2013 मध्ये छापून आला. दर सहा महिन्यांनी गोळी देऊनही वजनात आणि बालमृत्यूत म्हणावा तसा फरक दिसला नाही. केनियातल्या शाळांमध्ये गोळ्यांनी पोरांची गैरहजेरी घटली असा अभ्यास 2004 मध्ये आला होता, त्यावरही नंतर वाद झाला. माझं म्हणणं असं की नुसती गोळी देणं म्हणजे घर शाकारायचं सोडून गळतीखाली भांडी मांडणं. कौलं परतायलाच हवीत. पण पाऊस चालू असताना कोणी भांडी उचलायला निघालं, तर मी त्याच्या आड येईन. मला सरासरी वजन शिकवायचं नसतं. मला ती पांढऱ्या पापणीची मुलगी शिकवायची असते.

ती पुढे सातवीपर्यंत आमच्याच शाळेत होती. पेन्सिल खायची सुटली की पाटीच सुटली, कोण जाणे. तिसरीपासून वही आली.

मी गोळी घेतली, सहा महिने लोह घेतलं, हिमोग्लोबिन अकराच्या वर गेलं. बागेत आता रबरी चपला घालून जाते, पाटाच्या वरच्या अंगाला दिराने केळी लावल्यात. आईला मात्र कोणी गोळी दिली नाही. आता गरोदर बायकांना पहिले तीन महिने उलटल्यावर देतात.

वर्गात पाट्या राहिल्या नाहीत, पेन्सिलीही मिळेनाशा झाल्या. फळ्यासाठी खडू तेवढे येतात. परवा फळा पुसून खडूची डबी उघडली, तर त्यात एक खडू अर्धा होता. तुटलेला नव्हता. टोकाला बारीक, ओल्या दातांच्या खुणा होत्या. मी वर्गाकडे वळून पाहिलं. अठ्ठावीस पोरं माना खाली घालून एकदम मन लावून लिहीत होती.